बंदोबस्ताची जुनी यादी: सोलापुरातील एका पोलीस ठाण्याचे प्रकरण

हे प्रकरण सोलापूर शहरातील एका पोलीस ठाण्याचे आहे. ठाणे, पेठ, वर्ष आणि माणसे ओळखू येतील असे सगळे तपशील बदलले आहेत आणि आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. सणाच्या बंदोबस्ताआधी होणारी प्रतिबंधक कारवाई हा त्याचा विषय. मुस्लिम वस्तीकडे पाहण्याची पोलिसांची नजर कशी असते, हे लाठीमारापेक्षा अशा कागदांत जास्त स्पष्ट दिसते, कारण कागद शांत डोक्याने, टेबलावर बसून लिहिलेला असतो.

पार्श्वभूमी

ठाण्याच्या हद्दीत एका अंगाला यंत्रमागाचे कारखाने आणि तेलुगू भाषक विणकरांची घरे, तर दुसऱ्या अंगाला मुस्लिम मोहल्ला. मोहल्ल्यातले पुरुष टॉवेल कारखान्यात, रिक्षावर किंवा फळांच्या गाड्यावर. बायका घरी विड्या वळतात आणि पलीकडच्या तेलुगू बायकांच्या बरोबरीने एकाच कारखान्यात माल पोचवतात. मध्ये एक चौक, त्याच्या कोपऱ्यावर मशीद, आणि त्याच चौकातून विसर्जनाच्या मिरवणुका जातात.

काही वर्षांपूर्वी या चौकात गुलाल आणि वाद्यांवरून हाणामारी झाली, दगड आले. दोन्ही बाजूंच्या मिळून पन्नासेक जणांवर एकाच गुन्हा रजिस्टर नंबरखाली गुन्हा दाखल झाला. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि जवळजवळ सगळे सुटले. जखमींत ठाण्याचा एक हवालदार होता. त्याच्या भुवईवर टाके पडले. पुढे तोच गोपनीय शाखेचे काम पाहू लागला आणि दरवर्षी सणाआधी ‘उपद्रवी इसमांची यादी’ त्याच्याच हातून तयार होऊ लागली. भुवईवरची खूण रोज आरशात दिसणाऱ्या माणसाकडून त्या गल्लीबद्दल तटस्थपणाची अपेक्षा करायची, तर त्याच्या कामावर दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी होती. ती नव्हती.

ठाण्यात मोहल्ल्याचे खरे नाव फारसे वापरात नव्हते. वायरलेसवर आणि पॉइंट वाटपाच्या तक्त्यात त्याचा उल्लेख ‘मिनी पाक’ असा व्हायचा. नव्याने बदलून आलेला शिपाई आधी हे नाव शिकायचा, मग तिथले रस्ते.

या ठाण्याला जगावेगळे म्हणता येणार नाही. कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था आणि लोकनीती-सीएसडीएस ही संशोधन संस्था यांच्या 2019 च्या अहवालासाठी 21 राज्यांतल्या सुमारे 12,000 पोलिसांशी बोलणे झाले. मुसलमानांचा कल स्वभावतःच हिंसेकडे असतो असे त्यातल्या जवळपास निम्म्या पोलिसांना कमी-अधिक प्रमाणात वाटत होते. मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींवरील न्या. श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये पोलिसांच्या मनात मुरलेल्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची नोंद केली. 2013 मध्ये महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या पोलीस महासंचालकांनी मिळून केलेल्या अहवालातही अल्पसंख्याकांचा पोलिसांवर विश्वास उरलेला नाही, हे खात्यातल्याच वरिष्ठांनी मान्य केले आहे. म्हणजे दुखणे खात्याला ठाऊक आहे. ठाण्याच्या पातळीवर त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा व्याख्यानावर भागवला जातो.

समस्या

त्या वर्षी गणेशोत्सव आणि ईद-ए-मिलाद लागोपाठ आले होते. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला होता. तो समंजसपणा लोकांच्या लक्षात होता. बंदोबस्ताच्या कागदावर त्याची कुठे नोंद नव्हती.

उत्सवाला दहाएक दिवस असताना एका संध्याकाळी बीट मार्शलांनी मोहल्ल्यातून वीस-बावीस जणांना ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हणून ठाण्यात आणले. मोबाइल काढून घेतले. एकेकाला भिंतीशी उभे करून फोटो काढले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खालच्या, म्हणजे गुन्हा घडू देऊ नका अशी ताकीद देणाऱ्या छापील नोटिसांवर सह्या घेतल्या. ठाण्यात आजही तिला ‘149 ची नोटीस’ म्हणतात, कारण जुन्या संहितेत तो क्रमांक होता. काहींवर कलम 126 खाली, म्हणजे जुन्या 107 खाली, ‘चॅप्टर केस’चे, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याचे प्रस्ताव तयार झाले. शेवटचा माणूस घरी गेला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. सकाळच्या पाळीला तो मागावर उभा राहू शकला नाही आणि त्याचा दिवसाचा पगार बुडाला.

चौथ्या दिवशी शांतता समितीचे एक जुने सदस्य, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, यांनी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांकडे लेखी अर्ज दिला. समितीच्या बैठकीला आपण येणार नाही, असे कळवून त्यांनी सात नावे आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहिली होती. त्यातली तीन अशी:

एक जण टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा कारागीर. त्याच्या नावाचा आणि आडनावाचा दुसरा माणूस त्याच गल्लीत राहतो. गुन्हा त्या दुसऱ्यावर होता. यादीत वडिलांचे नाव नव्हते, वय नव्हते.

दुसऱ्याचे नाव जुन्या गुन्ह्यात होते खरे, पण फिर्यादी म्हणून. त्याचेच डोके फुटले होते.

तिसरा माणूस दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याची नोटीस बजावल्याचा शेरा मात्र ठाण्याच्या प्रतीवर होता: ‘इसम समक्ष मिळून आला, समज दिली.’ खाली इंग्रजीत कसलीशी सही.

निरीक्षक बदलून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी आधी ठाण्यातले सीसीटीव्ही पाहिले. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये ठाण्याच्या दारापासून वऱ्हांड्यापर्यंत कॅमेरे लावण्याचे आणि चित्रण किमान एक वर्ष जपण्याचे आदेश दिले आहेत. त्या चित्रणात बाकावर बसलेली माणसे आणि रात्रीची वेळ दोन्ही स्पष्ट होते. अर्जातला मजकूर खरा होता. संपूर्ण यादीत साठेक नावे होती आणि त्यातली पन्नासच्या आसपास मुस्लिम. ज्या जुन्या गुन्ह्यावरून यादी निघाली होती त्यात दोन्ही बाजूंचे आरोपी जवळपास बरोबरीने होते. पलीकडच्या बाजूला मंडळांच्या कार्यकर्त्यांची ‘समन्वय बैठक’ झाली होती, चहासकट. नोटीस त्यांच्यापैकी कुणालाच गेली नव्हती.

यादी अशी का झाली

पहिले कारण नकलेचे. दरवर्षी मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची, दोन-चार नावे वाढवायची. नाव वाढवायला कारण लागत नाही. कमी करणाऱ्याला मात्र ‘उद्या काही झाले तर’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. त्यामुळे यादी फक्त फुगते. खटल्याचा निकाल काय लागला, हे खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या कोर्ट पैरवी कर्मचाऱ्याकडून यादीपर्यंत कधी पोचतच नाही.

दुसरे कारण आकड्याचे. सणाआधीच्या साप्ताहिक विवरणपत्रात ‘केलेल्या प्रतिबंधक कारवाया’ असा रकाना असतो. शेजारच्या ठाण्याने ऐंशी दाखवल्या आणि आपण वीस, तर आढावा बैठकीत उभे राहून उत्तर द्यावे लागते. ज्या वस्तीतून वकील येत नाही, नगरसेवकाचा फोन येत नाही, तिथून आकडा लवकर भरतो. गरीब हिंदू वस्त्यांनाही हा हिशेब लागू पडतो. मोहल्ल्याच्या वाट्याला तो संशय जोडूनच येतो, एवढा फरक.

तिसरे कारण खबऱ्यांचे. गोपनीय शाखेला मोहल्ल्याची माहिती दोघांकडून मिळायची आणि ते दोघेही मशिदीच्या विश्वस्त मंडळातल्या एकाच गटाचे होते. यादीत दुसऱ्या गटाची चार पोरे होती. पोलिसांना वस्ती माहीत नसली की वस्तीतली भांडणे पोलिसांच्या शिक्क्याने मिटवली जातात.

चौथे कारण नावांचे. शेख, सय्यद, पठाण ही आडनावे आणि सलीम, इरफान, आसिफ ही नावे एकाच गल्लीत पाच-पाच वेळा येतात. आधारवर नाव एका क्रमाने, रेशनकार्डावर दुसऱ्या क्रमाने. सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे गुन्हे आणि गुन्हेगारांच्या नोंदींच्या पोलिसांच्या संगणक प्रणालीत, नुसत्या नावाने शोध घेतला की चुकीचा माणूस पुढे येतो. वडिलांचे नाव, वय आणि घर क्रमांक या तीन गोष्टी जुळल्याशिवाय नोंद माणसाला चिकटवू नये, हा साधा नियम ‘ते सगळे सारखेच’ या समजापुढे टिकत नाही. पूर्वग्रह इथे आळसाच्या रूपात वावरतो.

हवालदाराचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. तो निरीक्षकांना म्हणाला, “साहेब, दोन-चार गरीब माणसं नाहक आली तर माफी मागता येते. रात्री दगड आला तर काय मागायचं?” तो मनापासून बोलत होता आणि त्याची भीती खोटी नव्हती. चूक हिशेबात होती. नाहक आलेल्या प्रत्येक माणसाबरोबर गल्लीतली चार घरे पोलिसांना माहिती देणे बंद करतात, आणि दगड येणार असल्याची खबर त्याच घरांतून मिळायची असते.

समोरचे पर्याय

चार मार्ग चर्चेत आले.

पहिला, काहीच न करणे. उत्सव तोंडावर आहे, सात चुका सुधारू, बाकी यादी तशीच ठेवू. वरिष्ठांना उत्तर देण्याच्या दृष्टीने हाच सर्वांत सुरक्षित होता.

दुसरा, सगळ्या नोटिसा एकदम मागे घेणे. मुख्याध्यापकांची तोंडी मागणी हीच होती. पण यादीत चार-पाच जण असेही होते ज्यांच्यावर गेल्या दोन वर्षांत मारामारीचे ताजे गुन्हे होते. सरसकट माघार घेतली असती तर पुढच्या वर्षी ‘मागे घेतले आणि पाहा काय झाले’ म्हणायला जागा राहिली असती.

तिसरा मार्ग एका सहायक निरीक्षकाने सुचवला: पलीकडच्या बाजूची चाळीस नावे घाला, यादी समसमान होईल, कुणाला बोलायला जागा उरणार नाही. ठाण्यात हा पर्याय बऱ्याच जणांना पटला होता आणि अशा वेळी बहुतेक ठिकाणी हेच होते. निरीक्षकांनी तो नाकारला. मोहल्ल्यातल्या जॉबरचा बुडालेला पगार पलीकडच्या विणकराचा पगार बुडवून भरून येत नाही. उलट आता दोन्ही वस्त्या पोलिसांवर नाराज होतात. या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो बरोबर होता.

चौथा, प्रत्येक नावाला एकच कसोटी लावायची आणि उरतील तितकी ठेवायची, मग प्रमाण काहीही येवो. हा निवडला गेला. त्याची किंमत अशी की पाच दिवस दोन माणसे याच कामाला लागणार आणि विवरणपत्रातला आकडा घसरणार. निरीक्षकांनी सहायक पोलीस आयुक्तांना आधीच लेखी कळवले. आयुक्तालयात 126 च्या प्रकरणात विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून सहायक आयुक्तच बसतात. प्रस्ताव पोलिसांचा आणि त्यावरचा आदेशही पोलीस अधिकाऱ्याचाच. बाहेरचा डोळा नसलेल्या या रचनेत खालूनच कागद नीट जाणे फार गरजेचे आहे. कलम 130 च्या आदेशात मिळालेल्या माहितीचा सारांश लिहावा लागतो. ‘संवेदनशील वस्तीत राहतो’ ही माहिती होऊ शकत नाही.

केलेली कारवाई

नव्या तक्त्यात सात रकाने केले: वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, वय आणि घर क्रमांक, गुन्हा रजिस्टर नंबर व कलम, त्या गुन्ह्यातली भूमिका (आरोपी, फिर्यादी की साक्षीदार), खटल्याची स्थिती, शेवटच्या घटनेची तारीख, आणि यंदा कारवाई का, याचे एका वाक्यात कारण. गुन्हा नंबर किंवा स्टेशन डायरीतली नोंद नसेल तर नाव नाही. पाच वर्षांत नवे काही नसेल तर नाव नाही. खबऱ्याचा शब्द असेल तर दुसऱ्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून खात्री.

निकालांची माहिती न्यायालयातून आणायला तीन दिवस गेले आणि तेवढे दिवस काम रखडले. शेवटी साठातली वीसहून कमी नावे टिकली. तीच कसोटी मंडळांच्या बाजूला लावल्यावर सात-आठ नवी नावे आली. त्यातली दोन स्थानिक पुढाऱ्याच्या जवळची होती आणि फोन यायचे ते आलेच. फोनवर सांगायला निरीक्षकांकडे तक्ता होता. त्याचा हा उपयोग आधी कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

रद्द झालेल्या नोटिसांचे काय करायचे, यावर अर्धा तास वाद झाला. फाइलला शेरा मारून मोकळे व्हावे, असे एक मत. निरीक्षकांनी प्रत्येकाला तीन वाक्यांचे पत्र दिले: अमुक तारखेची नोटीस चुकीच्या नोंदीवरून दिली गेली, ती रद्द केली आहे, आपल्याविरुद्ध या कारणासाठी कोणतीही कारवाई प्रलंबित नाही. पत्र घेण्यासाठी कुणालाही ठाण्यात बोलावले नाही. सहायक निरीक्षक दिवसा, गणवेशात, घरी जाऊन देऊन आले. माणसाला सगळ्या गल्लीसमोर नेले होते. पत्रही गल्लीसमोरच पोचायला हवे होते. मयत माणसाच्या पत्नीला, त्या विडी कामगार आहेत, निरीक्षक स्वतः भेटले. बजावणीचा खोटा शेरा मारणाऱ्या अंमलदाराचा कसुरी अहवाल, म्हणजे कर्तव्यात कसूर केल्याचा अहवाल, वर गेला.

फोटोंचा मुद्दा वेगळा होता. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, 2022 खाली मोजमापे आणि छायाचित्रे घेता येतात ती दोषी ठरलेल्यांची, अटक झालेल्यांची किंवा शांतता राखण्यासाठी वा चांगल्या वर्तणुकीसाठी प्रतिभूतीचा (हमीचा) आदेश झालेल्यांची. नुसती नोटीस द्यायला बोलावलेल्याचा फोटो त्यात बसत नाही. फोटो अंमलदारांच्या खासगी मोबाइलवर आणि ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. काढून टाकण्याचा आदेश निघाला. सगळ्यांनी काढले की नाही, याची खात्री करण्याची सोय नव्हती.

रोलकॉलला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या वेळी, सलोख्यावर भाषण झाले नाही. निरीक्षकांनी जुन्या गुन्ह्यातल्या दोन्ही बाजूंच्या आरोपींची नावे दोन कागदांवर शेजारी लावली. एका कागदावर प्रत्येक नावापुढे दरवर्षीची नोटीस, दुसरा कोरा. गुन्हा नंबर एकच, कलमे एकच. हा फरक का, एवढेच विचारले. कुणी उत्तर दिले नाही, आणि त्यानंतर यादीच्या कामात कुरकुर कमी झाली. ‘मिनी पाक’ हे नाव त्याच दिवशी तक्त्यातून काढून चौकाला पॉइंट क्रमांक दिला.

एक बदल दिसायला किरकोळ, पण मोहल्ल्यात त्याचीच चर्चा जास्त झाली. आधीच्या वर्षी चौकातले पोलीस मिरवणुकीकडे पाठ आणि मशिदीच्या गल्लीकडे तोंड करून, लाठी आडवी धरून उभे असायचे. दोन तास तसे उभे राहणाऱ्या रांगेकडे घरातून पाहणाऱ्या मुलाला आणखी काही सांगावे लागत नाही. यंदा रांग रस्त्याला काटकोनात लावली, माणसे एकाआड एक दोन्ही दिशांना तोंड करून. पोलिसी दृष्टीनेही हेच योग्य, कारण गडबड मिरवणुकीतूनही सुरू होऊ शकते आणि पाठमोऱ्या माणसाला ती दिसत नाही. गल्लीच्या तोंडावर दखनी समजणारे दोन अंमलदार आणि दोन महिला अंमलदार दिले. इशाच्या नमाजाची वेळ मशिदीकडून लेखी घेतली. तेवढ्या वेळात लेझीमचा ताफा चौकाच्या अलीकडे थांबेल, हे मंडळांनी मान्य केले. जुलूसच्या दिवशीही हेच अधिकारी, हीच रचना, हाच सूर, असे ठरले. मुख्याध्यापक शांतता समितीच्या बैठकीला आले, पण पत्रे पोचल्यावर.

अशा बैठकांत सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा उल्लेख हमखास होतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात एकत्र फाशी झाली. हे शहर तो वारसा खऱ्या अभिमानाने सांगते. या बैठकीत मुख्याध्यापकांनी तो सांगितला आणि लगेच विचारले की नवा तक्ता पुढच्या वर्षी कोण जपणार. उत्तर त्या दिवशी मिळाले नाही.

निष्पत्ती

विसर्जनाच्या रात्री दहाच्या सुमारास चौकात काच फुटल्याचा आवाज झाला. वायरलेसवर लगेच संदेश गेला: मोहल्ल्यातून दगडफेक. पॉइंटवरच्या उपनिरीक्षकाने दोन मिनिटांत तपासले. मंडळाच्या ट्रॅक्टरवरची ट्यूबलाइट फांदीला लागून फुटली होती. संदेश दुरुस्त झाला, पण तोवर दंगा नियंत्रण पथकाची गाडी गल्लीत वळली होती आणि एका कर्मचाऱ्याने दारात उभ्या असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला थोबाडीत मारली होती.

त्या कर्मचाऱ्याला त्याच रात्री पॉइंटवरून हटवले, स्टेशन डायरीत नोंद घेतली, मुलाच्या वडिलांचा जबाब दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी घेतला. चौकशीअंती ‘सक्त समज’ यापलीकडे काही झाले नाही. मोहल्ल्याला ते कमी वाटले आणि आमच्याही मते ते कमीच होते. तरी गल्ली त्या रात्री शांत राहिली. मशिदीच्या स्वयंसेवकांनी पोरांना आत घेतले आणि मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः माइकवरून ट्यूबलाइट फुटल्याचे सांगितले. जुलूसही सुरळीत झाला. हे यादी सुधारल्यामुळेच घडले, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही; त्या चौकात मधली काही वर्षेही शांतच गेली होती.

खरा फरक नंतर दिसला. दिवाळीनंतर मोहल्ल्यातली एक विडी कामगार बाई थेट ठाण्यात आली; बेकायदा सावकाराने घराची कागदपत्रे अडकवून ठेवल्याची तिची तक्रार होती. मध्ये कुणी पुढारी नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सहकार खात्याकडे प्रकरण गेले, झडती झाली. त्याच सावकाराकडे पलीकडच्या तीन तेलुगू कुटुंबांची कागदपत्रे सापडली.

काय वेगळे करता आले असते

वायरलेसची शिस्त आधी बसवायला हवी होती. काय दिसले, कुणाला, कुठून, या तीन गोष्टींशिवाय संदेश जाऊ नये आणि वस्तू हाती लागेपर्यंत ‘दगडफेक’ शब्द वापरू नये, असे नंतर ठरले. बाहेरून आलेल्या पथकाला ना रोलकॉल मिळाला होता, ना दोन कागद. सोरेगावच्या राज्य राखीव दलाच्या किंवा मुख्यालयाच्या तुकड्या जिथे बंदोबस्ताला येतात, तिथे त्यांना पॉइंटवर सोडण्याआधी दहा मिनिटे तरी स्थानिक अधिकाऱ्याने द्यायलाच हवीत.

काम उत्सवाच्या तोंडावर न करता उन्हाळ्यात करायला हवे होते. निकाल मागवण्याचे काम जूनमध्ये झाले असते तर रात्रीची धरपकड टळलीच असती. 168 ची नोटीस घरी बजावता येते. त्यासाठी कुणाला रात्री ठाण्यात बसवण्याची गरज नसते.

हवालदाराला त्या कामावरून आधीच, सन्मानाने बदलायला हवे होते. त्याच्या जखमेची दखल खात्याने कधी घेतली नव्हती. समुपदेशन तर दूरच. शिक्षा त्याला झाली नाही, पण तीन महिन्यांनी झालेली बदली त्याला शिक्षाच वाटली.

मोहल्ला कमिट्यांचा जुना अनुभवही उपयोगी पडला असता. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत, तेही यंत्रमागाचेच गाव, उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून गल्लीपातळीवर मिश्र कमिट्या उभ्या केल्या आणि मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसे जास्त होती आणि त्या वर्षभर भेटत. या ठाण्याची शांतता समिती सणापुरती भेटते, आणि तिच्यात विडी कामगार बाई एकही नाही.

वर्षभरात निरीक्षकांची बदली झाली. संगणकावर जुनी फाइल तशीच होती, नव्या तक्त्याच्या शेजारी, आणि पुढच्या सणाला नव्या माणसाने जुनीच उघडली. मुख्याध्यापकांकडे रद्द पत्रांच्या झेरॉक्स होत्या, म्हणून ही चूक वेळेत लक्षात आली. जुनी फाइल काढून टाकणे, यादीला एका वर्षाची मुदत घालणे आणि सात रकान्यांशिवायचा प्रस्ताव सहायक आयुक्तांनी परत पाठवणे, या तीन गोष्टी लेखी आदेशाने झाल्या असत्या तर ठाण्याची स्मरणशक्ती एका निवृत्त शिक्षकाच्या पिशवीवर अवलंबून राहिली नसती.

जॉबरचे काम अजून पुरते मिटलेले नाही. आखाती देशात नोकरीसाठी त्याने पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्राचा अर्ज केला, तेव्हा सीसीटीएनएसमध्ये त्याच्या नावापुढे 126 चा प्रस्ताव दिसत होता. नोटीस रद्द झाली होती, संगणकावरची नोंद कुणी दुरुस्त केली नव्हती. पत्राची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज आयुक्तालयात गेला आहे. असा प्रसंग ज्याच्यावर येईल त्याने रद्द पत्र मिळताच नोंद दुरुस्तीचा अर्जही त्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. ठाणे तो आपणहून करील, अशी वाट पाहू नये.